अडीच सुताची भोकं

मला लिहायला बसवलं ते एका चष्म्यानं. या अंकाचे संपादक आमच्या भोसरीच्या गल्लीत कुणाकडं तरी आले होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी सारखी निखळायची आणि ते बिचारे ती दोऱ्यानं बांधून हिंडत होते. मला बघवेना. मी त्यांना माझ्या शेडमध्ये बसवलं, चष्मा काढून घेतला, भोकात तांब्याच्या तारेचा केसाएवढा तुकडा घातला आणि तोच पेच परत पिळला. बसला घट्ट. ते म्हणाले, "दुकानदार म्हणत होता, फ्रेमच बदला." मी म्हटलं, "त्याचा धंदा फ्रेमचा. माझा भोकाचा." एवढ्यावर त्यांनी लेख कबूल करून घेतला. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन त्यांनी बघावं. बाकी मजकुराला कुणी पाना लावू नये.

आता धंदा सांगतो. पेच ज्या भोकात बसतो त्या भोकाच्या आत गोल चढत गेलेल्या चऱ्या असतात. त्यांना आम्ही आटे म्हणतो. तसेच आटे पेचावर. दोन्ही एकमेकांत गुंतले की वस्तू धरून राहते. पेचाचे आटे गेले तर दुकानात नवा पेच मिळतो. भोकाचे आटे गेले तर? भोक काही दुकानात मिळत नाही. मग लोक भोक जरा मोठं करतात आणि जाडा पेच मारतात. तोही सैल झाला की आणखी मोठं. असं करत करत एक दिवस भोकच राहतं, पत्रा संपतो.

माझा नियम उलटा. भोकाला त्याच्या जन्माच्या मापावर परत आणायचं, आणि पेच असा बसवायचा की पुढच्या माणसाला घाम फुटल्याशिवाय हलता कामा नये. सैल पेच माझ्या हातनं बाहेर पडलेला नाही. हे मी भोसरीत कुठल्याही शेडमध्ये छातीवर हात ठेवून सांगतो, आणि पुष्कळदा कुणी विचारलेलं नसतानाही सांगतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. वाकडला बाराव्या मजल्यावर एका साहेबांच्या कपाटाचं दार अंगावर पडायचं. साहेब त्या कपाटासमोरनं हेल्मेट घालून जायचे. मला आधी वाटलं गाडीवरनं आत्ताच आलेत. एका तालमीतल्या पैलवानानं लोखंडी फाटकाचा बोल्ट हातानं आवळून आवळून आटे खाल्ले होते आणि वर मलाच विचारत होता, "मिस्त्री, लोखंड नरम यायला लागलं काय हो?" पण लेख लिहायचा तर तो हवालदारांच्या ट्रकचाच. तसलं काम परत झालं नाही आणि तसं हसूही परत आलं नाही.

गेल्या लग्नसराईच्या आधीची गोष्ट. सकाळी शेड उघडतोय तोवर रिक्षातनं एक उंच, ताठ म्हातारे उतरले. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत, आणि काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं दुधी भोपळा. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, धोतर सोडलं. आत ट्रकचा गियरचा दांडा, खाली त्याचं लोखंडी झाकण, आणि त्या झाकणाला लोंबणारी माती.

"हातात आला," ते म्हणाले.

"कधी?"

"दुसरा टाकताना. पहिला टाकला तवा व्यवस्थित व्हता."

हे हवालदार धोंडिबा. चाकणच्या पलीकडं त्यांचं गाव. पलटणीत सगळी नोकरी ट्रक चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लष्करानं लिलावात काढलेला एक जुना परदेशी ट्रक यांनी उचलून आणला. लढाईच्या काळातली गाडी ती. तिच्यातनं ते पुष्कळ वर्षं चाकणच्या बाजारात कांदे नेत. पुढं गाडी अंगणात उभी राहिली ती उभीच. रविवारी इंजिन सुरू करायचं, हात फिरवायचा, बंद करायचं, एवढंच.

आता नातीचं, सीमाचं, लग्न ठरलं होतं. नात चाकणच्या कंपनीत नोकरीला, नवरामुलगाही तिथलाच. मांडव अंगणातच घालायचा, आणि अंगणात तर हा गडी उभा. हवालदारांनी छाती पुढं काढून सांगून टाकलं की नवरीला देवळातनं मांडवात आपण याच ट्रकमधनं आणणार. त्यावर त्यांच्या घरच्यांनी, म्हणजे सरूबाई वैनींनी, अट घातली: गाडी चाकणच्या बाजारापर्यंत जाऊन स्वतःच्या पायानं परत आली तर ठीक. नाहीतर भंगारवाला गॅस कटर घेऊन येईल, तुकडे करून नेईल, आणि त्या जागी मांडवाचे वासे रोवले जातील.

"मग तुमी अट मान्य केली?" मी विचारलं.

"तिची अट मान्य करावी लागत न्हाई, मिस्त्री. ती लागूच असती."

भंगारवाल्याला दिवसही दिलेला होता.

मी त्यांच्याबरोबर गावाला गेलो. माझ्याबरोबर रमजान वेल्डर. आमची दोस्ती जुनी आणि भांडण त्याहून जुनं. वेल्डर लोकांना वाटतं जगात जे जे सुटतं ते ते चिकटवावं. त्यानं ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, झाकणाला चार टाके मारतो, बात खतम."

"आणि परत उघडायचं झालं तर?"

"परत कशाला उघडायचं? लग्नाला न्यायचाय, सासरी थोडाच नांदायचाय."

ट्रक बघून मला मात्र गुदगुल्या व्हायला लागल्या. इतकी सैल वस्तू मी आयुष्यात बघितली नव्हती. दार नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं. दोरी सोडली की दार उघडायचं नाही, खाली उतरायचं. मडगार्ड बोटानं हलायचं. हवालदारांच्या आसनाखाली कोंबडीनं अंडी घातलेली, आणि कोंबडीला आमचं येणं मुळीच आवडलेलं नव्हतं. बिजागरीच्या एका पट्टीवर जेवढे पेच तेवढ्या जातीचे. एक चपट्या डोक्याचा, एक षटकोनी, एक चक्क लाकडाचा. प्रत्येक मिस्त्री येऊन आपलं भोक मोठं करून गेलेला. त्या भोकांत बोट फिरवताना मला या सगळ्यांना एका रांगेत उभं करून ओरडावंसं वाटलं.

गियरच्या झाकणाची भोकं मात्र हवालदारांनी स्वतः मारली होती. म्हणजे जीवे मारली होती.

इथं जरा समजून घ्या. ही गाडी इंचाच्या मापातली. आमच्या पिढीचे कारागीर इंचाचे आठ भाग करतात, त्याला सूत म्हणतात. झाकणाची भोकं अडीच सुताची. आता चाकणला हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मागितला तर मिलिमीटरमधला देतात, आठ एमएमचा. सगळ्या नव्या कंपन्यांना तोच लागतो. आठ एमएम आणि अडीच सूत दिसायला सख्खे भाऊ. बोल्ट भोकात लावला की दोन फेरे असा गोड जातो की माणसाला वाटतं, जमलं. तिथनं तो अडतो. माणूस समजतो गंज आहे. मग तो पान्याला पाइप लावून जोर देतो, आणि आतले जुने आटे सोलून निघतात. आमच्या पट्ट्यात जुन्या मशिनींचा जीव निम्म्या वेळा असाच गेलाय, त्या दोन गोड फेऱ्यांत.

"पाइप लावला व्हता?" मी विचारलं.

हवालदार मिशीवरनं हात फिरवत आभाळाकडं बघायला लागले. वैनी ओट्यावरनं म्हणाल्या, "पाइप लावला, वर हे स्वतः लोंबले. धोतर अडकलं व्हतं. मी सोडवलं."

माझ्या पेटीत इंची आटे पाडायच्या सळया आहेत, त्यांना टॅप म्हणतात. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. माझी जुनी कंपनी बंद झाली तेव्हा बाकीच्यांनी असली हत्यारं भंगारात घातली. मीही थोडी घातली, आणि जी घातली ती मला अजून स्वप्नात दिसतात. पण अडीच सुताचा टॅप राहिला होता. तो फडक्यातनं काढून मी उन्हात धरला आणि उगाच दोनदा पुसला. रमजान म्हणाला, "नवरदेव दिसतोयस."

काम असं. मेलेलं भोक ड्रिलनं मोठं करायचं, त्यात चार सुताचे आटे पाडायचे. मग पोलादाची एक छोटी नळी, आम्ही बुश म्हणतो, बाहेरनं चार सुताची आणि आतनं अडीच सुताची. ती भोकात पिळून बसवायची आणि कडेला ठोका मारून कायमची जखडायची. झालं, भोकाला जन्माचं माप परत. ऐकायला सोपं आहे. पण खाली गियरचा उघडा डबा, आणि लोखंडाचा एक कण जरी आत पडला तरी तो दातात जाऊन बसणार. म्हणून ड्रिलला ग्रीस फासायचं, कण त्याला चिकटतात, आणि डब्याचं तोंड मऊ, धुतलेल्या सुती कापडानं भरायचं.

"सुती कापड आणा," मी हवालदारांना सांगितलं. त्यांनी आत जाऊन आणलं. मी ते डब्यात कोंबलं आणि काम सुरू केलं. थोड्या वेळानं वैनी चहा घेऊन आल्या आणि कपासकट थांबल्या.

"हे माझं लुगडं."

वैनींनी कप खाली ठेवला.

"माझं लुगडं तिच्या पोटात घातलं."

हवालदार म्हणाले, "जुनं व्हतं गं."

"जुनी तर तीबी हाय. तिला कापडं नेसवताय आणि मला गाऊन घेऊन देताय."

रमजान तिथंच मातीत बसून हसला. पण वैनींनी चहा मात्र दिला. लुगडं मी एकही कण न सांडता बाहेर काढलं, ते त्यांनी झटकून उन्हात बघितलं आणि घडी घालून नेलं. त्या दिवसापासनं माझ्या चहात वेलदोडा यायला लागला.

झाकण बसलं. दाराच्या बिजागरीसाठी मी रमजानपुढं वाकलो. पत्र्यात भोकांभोवती कड उरली नव्हती, तेव्हा त्यानं गॅसनं पितळ वितळवून सगळी भोकं बुजवली आणि मी त्यात नवी पाडली. तो म्हणत राहिला, "मी बुजवतो, तू परत पाडतो. दोघं मिळून काय केलं आपण?" दार बसलं. उघडायला लागलं, आणि बंद होताना तिजोरीसारखं वाजायला लागलं. आम्ही तिघंही म्हातारे आळीपाळीनं ते दार उघडत-लावत उभे होतो. कोंबडी लांब जाऊन बसली होती.

मग मला चेव चढला. मडगार्ड, पायरी, बॉनेट, आरशाचा दांडा, सगळं जन्माच्या मापावर आणलं. शेवटी राहिली डॅशबोर्डवरची पितळी पट्टी. त्यावर इंग्रजीत काहीतरी आकडे होते, कुठल्या गियरला किती वेग वगैरे असावं. चारही पेच लटलट करत होते. कामाचं काही नव्हतं, पण सैल होतं. मी तिला चिंचेनं घासून चकचकीत केली, भोकं बुजवली, नवी पाडली, आणि चार पेच असे आवळले की पट्टी पत्र्यात उगवल्यासारखी दिसायला लागली. गाडीला सगळीकडनं हलवून बघितलं. हूं की चूं नाही. मी रमजानला म्हटलं, "आता हिच्यात मूल झोपव."

ठरल्या दिवशी सकाळीच भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. सिलिंडर, कटर, सगळं. मांडववाल्याची माणसं वासे टेकवून बसलेली. दोघांचीही नजर ट्रकवर. हवालदारांनी जुनी खाकी टोपी घातली, मी शेजारी बसलो, इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि आम्ही गावच्या रस्त्याला लागलो. पहिला गियर उत्तम. दांडा काही हातात आला नाही. मी मनात म्हटलं, मिस्त्री, जिंकलास.

दुसरा टाकताना गाडीनं असा खर्रर्र आवाज केला की पुढचं कुत्रं रस्ता सोडून शेतात गेलं. परत प्रयत्न, परत खर्रर्र. या जुन्या गाड्यांत गियर आपणहून जुळत नाहीत. इंजिनाचा वेग बरोबर त्या जागेवर आला की त्याच घटकेला दांडा सरकवायचा असतो. क्षणभर इकडंतिकडं झालं की दात भांडतात. हवालदारांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण त्यांना ती घटकाच सापडेना. कपाळावर घाम, टोपी मागं सरकलेली. पहिल्याच गियरमध्ये आम्ही हायवेच्या तोंडापर्यंत गेलो. मागं कंपनीच्या बसांची रांग, सगळ्यांचे हॉर्न. एका बसमधनं कुणीतरी ओरडलं, "काका, शिफ्ट संपंल आमची." रमजान स्कूटरवर बाजूनं चालला होता, तो तर आमच्यापुढं जाऊन, थांबून, चहा पिऊन परत मागं येत होता.

आम्ही वळलो. पहिल्याच गियरमध्ये परत अंगणात आलो. हवालदार खाली उतरले नाहीत. चाकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. आयुष्यभर ज्या माणसानं डोंगरात रात्रंदिवस ट्रक चालवले त्याला गावच्या रस्त्यावर दुसरा गियर लागला नाही. ते मला हळूच म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम ठीक हाय. माझंच संपलं." भंगारवाला सिलिंडर खाली घ्यायला लागला होता. मी झाकण चाचपलं, पेच चाचपले. सगळं घट्ट.

तेवढ्यात वैनी ओट्यावरनं उतरून आल्या. ट्रकपाशी येऊन कान देऊन उभ्या राहिल्या. इंजिन चालूच होतं.

"हिला काय झालंय? मुकी का?"

"मुकी कशी? इंजिन चालूय की," मी म्हटलं.

"इंजिन न्हाई वो. ती पट्टी. पट्टी बोलंना."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "मी कांद्यावर बसून किती वर्षं बाजारला गेले यांच्यासंगं. गाडी चालायला लागली की आधी पट्टी गप. मग गुणगुणायला लागायची. गुणगुणली की हे दांडा टाकायचे. परत गप, परत गुणगुणली, परत दांडा. यांना इंजिन कुठं ऐकू येतंय? पलटणीनं कान खाल्ले यांचे. पट्टी तेवढी ऐकू यायची."

हवालदारांनी मान वर केली. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. हात ऐकत होता, मालकाला पत्ता नव्हता. आणि मी ती पट्टी मुकी करून, वर घासून ठेवली होती.

मग काय करायचं हे सगळ्यांना एकदम समजलं, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. रमजान तर हात बांधून उभाच राहिला. "काढ, मिस्त्री, काढ पेचकस. बघू दे."

मी पेचकस घेतला. वैनी पदर खोचून आत चढल्या, हवालदारांच्या शेजारी. मी डॅशबोर्डखाली आडवा झालो, पाय बाहेर. हवालदारांनी ॲक्सिलेटर हळूहळू दाबायचा, मी एक पेच पिळायचा, आणि वैनींनी कान द्यायचा.

"एवढं?"

"न्हाई. मुकीच हाय."

"आता?"

"आता लई बडबडती. पयल्यापासनंच सुरू झाली. आवळा जरा."

"आता?"

"ही खोकतीय. गुणगुणत न्हाई."

भंगारवाला सिलिंडर सोडून खिडकीत येऊन उभा राहिला. म्हणाला, "मावशी, उजवीकडचा पण जरा सोडायला सांगा." वैनी म्हणाल्या, "तू गप. तू कटरवाला." केसाएवढं सोडलं, केसाएवढं आवळलं. तबलजी हातोडीनं तबला ठोकून स्वर लावतो तसं चाललं होतं. आणि मग ॲक्सिलेटर दाबता दाबता एका जागी ती पट्टी गुणगुणली. बारीक, गोड, मधमाशीसारखी.

"हां," वैनी म्हणाल्या. "हीच."

या खेपेला वैनी पुढं बसल्या आणि मी मागं हौद्यात. भंगारवाला न विचारता माझ्या शेजारी चढला. पट्टी गुणगुणली, दुसरा पडला. पुरणपोळीत तूप जिरावं तसा. परत गुणगुणली, तिसरा. वळणावर मागं बघितलं तर रमजानला स्कूटर पळवावी लागत होती. हायवेला कंटेनरांच्या गर्दीत हवालदार असे शिरले की जणू सगळे कंटेनर यांच्याच पलटणीतले. भंगारवाला वारा खात ओरडत होता, "काका, जोरात घ्या." चाकणच्या बाजाराला वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा मांडववाले वासे घेऊन उभेच राहिले. वैनी खाली उतरल्या, दार तिजोरीसारखं लावलं, आणि त्यांना म्हणाल्या, "गाडी भायेर लागंल आता. घाला मांडव."

रमजान मला म्हणाला, "शेवटी सैल सोडलास की नाही एक पेच? आख्ख्या भोसरीला सांगणार."

"सांग. पण नीट सांग. सोडला न्हाई, सैल बसवलाय."

आणि मी परत डॅशबोर्डखाली गेलो. पट्टीच्या मागनं त्या पेचाला दुसरी चाकी, चेकनट, लावली आणि ती जीव खाऊन आवळली. पेच जिथं होता तिथंच जखडला, केसाएवढा सैल, कायमचा. वरनं रंगाचा ठिपका दिला.

लग्नात सीमा देवळातनं त्याच ट्रकमधनं आली. पट्टी गुणगुणत होती. वऱ्हाडातला एक जाडजूड पाहुणा, कुठल्याशा गॅरेजचा मालक, डॅशबोर्डशी वाकला आणि म्हणाला, "आजोबा, हा पेच ढिला राहिलाय, आवळून देतो." हवालदार काही बोलायच्या आत त्यानं खिशातनं पेचकस काढला आणि पिळायला लागला. एक हात, मग दोन हात, मग गुडघा टेकून. फेट्याखालनं घाम ओघळला. पेच तसूभर हलला नाही.

वैनींनी त्याला पाण्याचा तांब्या दिला.